आमवात: एकच रसायन अडवून काय होणार?

सकाळी उठल्यावर बोटं वळत नाहीत. दुधाची पिशवी कापायला कात्री धरवत नाही, ब्लाउजचे हुक लागत नाहीत, आणि हे आखडलेपण तास-दीड तास सुटत नाही. दोन्ही हातांची गत सारखीच. बोटांची मुळं आणि मनगटं सुजलेली, दाबली तर स्पंजासारखी मऊ. हा आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. उतारवयात गुडघ्याची कूर्चा झिजून होणारा संधिवात वेगळा: तो चालल्यावर दुखतो आणि बसल्यावर निवतो. आमवाताचं उलट असतं. विश्रांतीनंतर तो जास्त आखडतो आणि हालचाल केली की थोडा सैलावतो. आपल्याकडे दोघांनाही सरसकट ‘वात’ म्हणतात, आणि त्या एका शब्दापायी पहिलं वर्ष-दीड वर्ष तेल-मालिशीत निघून जातं. हाडं कुरतडायला आमवाताला तेवढा काळ पुरेसा होतो.

या आजाराच्या उपचाराला मोठं वळण मिळालं ते लंडनमध्ये, केनेडी इन्स्टिट्यूट ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजी आणि चेअरिंग क्रॉस रुग्णालयात. त्यामागे दोन माणसं होती. रविंदर मैनी यांचा जन्म १९३७ सालचा, लुधियानातला. ते रुग्ण तपासणारे डॉक्टर. मार्क फेल्डमन १९४४ साली आजच्या युक्रेनमधल्या ल्विव्ह शहरात जन्मले आणि मेलबर्नला शिकले. ते प्रयोगशाळेतले इम्युनॉलॉजिस्ट, म्हणजे शरीराच्या संरक्षण यंत्रणेचे अभ्यासक. ‘यांनी आमवातावरचं औषध शोधलं’ असं सहज लिहिलं जातं. खरं तर ते औषध दुसऱ्यांनी, दुसऱ्याच आजारासाठी बनवून ठेवलेलं होतं. या दोघांनी दाखवलं ते नेम कशावर धरायचा.

आधी सांधा पाहू. दोन हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते, आणि सांध्याच्या पिशवीला आतून एक नाजूक अस्तर असतं, सायनोव्हियम. निरोगी माणसात या अस्तराचा वरचा थर जेमतेम एक-दोन पेशींचा. त्याचं काम वंगण तयार करायचं. आमवातात हेच अस्तर फुगतं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथे येऊन ठाण मांडतात, नव्या रक्तवाहिन्या फुटतात, आणि अस्तराची वाढ शेवाळासारखी कूर्चेवर पसरत हाडाच्या कडेला पोखरायला लागते. शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच घरावर उलटते, म्हणून याला ऑटोइम्यून आजार म्हणायचं. ती का उलटते याचं पूर्ण उत्तर अजून कुणाकडे नाही. काही जनुकं, धूम्रपान, हिरड्यांचा जुना आजार अशी कारणं जुळत जातात. फेल्डमन-मैनी यांनी ‘का’ बाजूला ठेवून ‘कशाच्या जोरावर चालू राहतो’ हे विचारलं. माझ्या मते त्यांच्या यशाचं अर्धं श्रेय याच निवडीला जातं.

पेशी एकमेकींशी बोलतात ते छोट्या प्रथिनांच्या चिठ्ठ्या पाठवून. या चिठ्ठ्यांना सायटोकाइन म्हणतात. कुणी सांगते ‘इकडे या’, कुणी ‘वाढा’, कुणी ‘कूर्चा विरघळवणारं एन्झाइम सोडा’. १९८३ साली फेल्डमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी थायरॉइडच्या ऑटोइम्यून आजाराबद्दल एक तर्क मांडला होता: अवयवातच अशा चिठ्ठ्यांचा मारा झाला, तर एरवी गप्प बसणाऱ्या पेशीसुद्धा संरक्षण यंत्रणेला ‘हे बघ’ म्हणून स्वतःचेच तुकडे दाखवायला लागतात आणि भांडण पेटतं राहतं. हा तर्क तपासायचा तर आजारी ऊती हाताशी हवी, तीही आजार ऐन भरात असताना. थायरॉइडची तशी ऊती मिळणं अवघड. आमवाताच्या सांध्यातली मात्र सहज मिळते, कारण सांधा बदलताना किंवा फुगलेलं अस्तर खरवडताना सर्जन ती काढून टाकतातच. इथे फेल्डमन आणि मैनी यांची जोडी जमली.

शस्त्रक्रियेतून आलेला अस्तराचा तुकडा बारीक चिरायचा, एन्झाइम घालून पेशी सुट्या करायच्या आणि पोषक द्रावात, ३७ अंशांवर ठेवायच्या. बाहेरून डिवचण्यासाठी काहीही घालायचं नाही. निरोगी रक्तातल्या पेशींना डिवचलं तर त्या थोडा वेळ सायटोकाइन सोडतात आणि थंडावतात. आमवाताच्या अस्तरातल्या पेशी मात्र कुणी हात न लावता दिवसचे दिवस ते सोडत राहिल्या. म्हणजे आग चालू ठेवणारी सामग्री त्या तुकड्यातच होती, आणि त्यामुळे तो तुकडा हा आजाराचा चालता नमुना ठरला.

पण सापडलं ते एक सायटोकाइन नव्हतं, सापडला त्यांचा बाजार. इंटरल्युकिन-१, इंटरल्युकिन-६, इंटरल्युकिन-८, टीएनएफ (ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर) आणि आणखी बरीच. त्या काळच्या बहुतेक जाणकारांचा आक्षेप इथेच होता, आणि तो वेडगळ नव्हता. यातली अनेक सायटोकाइन एकमेकांचीच कामं करतात. एकाला अडवलं तर दुसरं त्याच्या जागी उभं राहील. मग एकच अडवून काय होणार? त्यातून कूर्चा खाण्यात इंटरल्युकिन-१ सगळ्यांत जहाल, हे तेव्हा ठाऊक होतं. त्यामुळे अडवायचंच असेल तर ते अडवावं, असं कुणालाही वाटलं असतं.

फियोनुला ब्रेनन या संशोधिकेचा १९८९ सालचा प्रयोग या ठिकाणी येतो. प्रयोग इतका साधा की वाचताना आपल्यालाही सुचला असता असं वाटतं. अस्तराच्या पेशींच्या काही वाट्यांत टीएनएफला जखडून निकामी करणारी अँटिबॉडी घातली, काहींत टीएनएफच्याच भावकीतल्या लिम्फोटॉक्सिनविरुद्धची, काही तशाच ठेवल्या. मग त्या द्रावात इंटरल्युकिन-१ किती उरलंय ते मोजलं. टीएनएफ अडवलेल्या वाट्यांत इंटरल्युकिन-१ ठळकपणे खाली आलं होतं. लिम्फोटॉक्सिन अडवून काहीच फरक पडला नव्हता. पुढे उलटी बाजूही तपासली गेली: इंटरल्युकिन-१ अडवलं तर ६ आणि ८ कमी होतात, पण टीएनएफ जागचं हलत नाही. म्हणजे हा बाजार दिसतो तितका बेशिस्त नव्हता. त्यात उतरंड होती. सगळ्यात खालचं मडकं टीएनएफचं. ते काढलं की वरची ढासळतात.

पेशींच्या वाटीत खरं ठरलेलं शरीरात खरं ठरेलच असं नाही. रिचर्ड विल्यम्स यांनी उंदरांवर तपासणी केली. डीबीए-१ जातीच्या उंदरांना कूर्चेतलं टाइप-२ कोलॅजन टोचलं की त्यांचे पंजे सुजतात आणि सांधे झडतात. १९९२ साली छापून आलेल्या या कामात महत्त्वाचं हे की पंजे सुजल्यानंतर, म्हणजे आजार सुरू झाल्यावर, टीएनएफविरोधी अँटिबॉडी देऊनही सूज उतरली आणि सांध्यांची नासधूस कमी झाली. आजार व्हायच्या आधीच औषध देऊन तो टाळला, असे उंदीर-प्रयोग पुष्कळ असतात. दवाखान्यात येणारा रुग्ण मात्र आजार घेऊनच येतो.

आता माणसाला देण्याजोगी अँटिबॉडी हवी. ती अमेरिकेतल्या सेंटोकॉर कंपनीकडे पडून होती. न्यूयॉर्क विद्यापीठात यान विल्चेक आणि जुनमिंग ले यांनी मानवी टीएनएफविरुद्ध उंदराची अँटिबॉडी बनवली होती. पूर्ण उंदराची अँटिबॉडी माणसाचं शरीर परकी म्हणून लगेच हाकलतं, म्हणून टीएनएफला पकडणारं टोक उंदराचं आणि बाकीचं धड माणसाचं असं जोडकाम केलं गेलं: साधारण पाऊण भाग मानवी, पाव भाग उंदराचा. तिचं नाव सीए-२, पुढे इन्फ्लिक्सिमॅब. कंपनीला ती हवी होती सेप्सिससाठी, म्हणजे जंतुसंसर्गाने सगळं शरीर कोलमडतं त्या आजारासाठी, आणि सेप्सिसमध्ये या वाटेने रुग्ण वाचत नव्हते. कंपनीतले वरिष्ठ शास्त्रज्ञ जेम्स वूडी हे पूर्वी फेल्डमन यांच्याकडेच काम केलेले, त्यामुळे ‘आमवातात वापरून पाहू’ ही गोष्ट कानावर घालायला दार उघडं होतं.

१९९२ साली चेअरिंग क्रॉस रुग्णालयात पहिले २० रुग्ण घेतले गेले. सगळ्यांचा आजार जुना, आणि प्रचलित औषधं वापरूनही न आवरलेला. दोन आठवड्यांत शिरेतून एकूण २० मिलिग्रॅम दर किलोमागे एवढी मात्रा दिली. सुजलेल्या सांध्यांची संख्या मधल्या (मीडियन) रुग्णात १८ होती, ती सहाव्या आठवड्यात ५ झाली. रक्तातलं सीआरपी, म्हणजे दाहाचं माप, लिटरमागे ३९.५ मिलिग्रॅमवरून ८ वर उतरलं. इंटरल्युकिन-६ सुद्धा पडलं, आणि वाटीतली उतरंड माणसातही तशीच असल्याची ही खूण होती. रुग्णांना सूज उतरण्याआधी जाणवलं ते वेगळंच: अंगातला तो कायमचा शिणवटा गेला.

हा अभ्यास उघडा होता. कुणाला काय दिलं हे सगळ्यांना ठाऊक. बरं वाटावं अशी इच्छा असली की बरं वाटतंच, म्हणून लगेच ७३ रुग्णांचा आंधळा अभ्यास झाला आणि १९९४ साली छापला गेला. चौथ्या आठवड्याअखेर ठरलेल्या निकषांवर किमान २० टक्के सुधारणा किती जणांत? नुसतं सलाइनसारखं फसवं औषध दिलेल्यांत ८ टक्के. किलोमागे १ मिलिग्रॅम दिलेल्यांत ४४ टक्के. १० मिलिग्रॅम दिलेल्यांत ७९ टक्के. जास्त मात्रेला जास्त परिणाम, अशी पायरी दिसली की योगायोगाचा संशय फारसा उरत नाही. एकच रसायन अडवून काय होणार, याचं उत्तर मिळालं होतं.

मात्र औषध बंद केलं की काही आठवड्यांत आजार परत येत होता. पुन्हा दिलं तर पुन्हा गुण, पण काहींत तो टिकण्याचा काळ आखडत गेला. कारण उंदराचा तो पाव भाग. शरीर औषधाविरुद्धच अँटिबॉडी तयार करत होतं. १९९८ साली मैनी यांच्या गटाने १०१ रुग्णांत याचा छडा लावला आणि त्यातले आकडे बघण्यासारखे आहेत. औषध एकटंच दिलं तेव्हा किलोमागे १ मिलिग्रॅम घेणाऱ्या ५३ टक्के रुग्णांत, ३ घेणाऱ्या २१ टक्क्यांत आणि १० घेणाऱ्या ७ टक्क्यांत अशी विरोधी अँटिबॉडी सापडली. थोडं औषध देत राहिलं तर शरीर त्याला ओळखायला शिकतं, भरपूर दिलं तर गपगार होतं. सोबत आठवड्याला अवघं ७.५ मिलिग्रॅम मेथोट्रेक्सेट दिलं तेव्हा हेच आकडे १५, ७ आणि शून्यावर आले. महागड्या इंजेक्शनबरोबर डॉक्टर ती जुनी, स्वस्त गोळी का चालू ठेवतात याचं एक ठोस कारण हे. ‘आता इंजेक्शन सुरू झालं, गोळी कशाला’ म्हणून ती परस्पर सोडणारे बरेच असतात, आणि काही महिन्यांनी इंजेक्शन लागू पडेनासं होऊ शकतं.

त्यानंतर ४२८ रुग्णांचा मोठा अभ्यास झाला. त्यात हातापायांच्या एक्स-रेवर सांध्याच्या नासाडीला गुण देतात. गुण जितके वाढतील तितकं हाड आणि कूर्चा गेली. ५४ आठवड्यांत नुसत्या मेथोट्रेक्सेटवर सरासरी ७ गुणांची भर पडली, इन्फ्लिक्सिमॅब जोडलेल्यांत ०.६ ची. वेदना उतरवणारी औषधं आधीही होती. हाडाची झीज जवळपास जागच्या जागी थांबलेली दिसली ती इथे. अमेरिकेत या औषधाला आमवातासाठी १९९९ साली मान्यता मिळाली. त्याच वाटेने एटानरसेप्ट आणि अडॅलिम्युमॅब आली, दोन्ही त्वचेखाली टोचून घ्यायची. मैनी आणि फेल्डमन यांना २००० साली क्रॅफर्ड आणि २००३ साली लास्कर पुरस्कार मिळाला. अडॅलिम्युमॅबची भारतीय नक्कल, म्हणजे बायोसिमिलर, २०१४ साली अहमदाबादच्या झायडसने आणली आणि हे उपचार आपल्याकडे थोड्या अधिक लोकांच्या आवाक्यात आले. थोड्याच, स्वस्त ते अजूनही नाहीत.

टीएनएफ शरीरात उगाच नसतं. क्षयाचा जंतू फुप्फुसात शिरला की बहुतेक निरोगी माणसांत तो मारला जातोच असं नाही. पांढऱ्या पेशी त्याच्याभोवती कडं करून बसतात आणि तो आतच वर्षानुवर्षं निपचित पडून राहतो. हे कडं अभेद्य ठेवण्याचं काम टीएनएफचं. ते अडवलं की पहारेकरी पांगतात. २००१ साली इन्फ्लिक्सिमॅबनंतर क्षय झालेल्या ७० रुग्णांची नोंद छापली गेली. उपचार सुरू झाल्यापासून क्षय उघडा पडेपर्यंतचा मध्यम काळ १२ आठवडे. निम्म्याहून अधिकांचा क्षय फुप्फुसाबाहेर होता: गाठींत, पोटात, सर्वांगात पसरलेला. आणि हे ७० पैकी ६४ जण क्षय फारसा नसलेल्या देशांतले. भारतात, जिथे निपचित जंतू बाळगणारी माणसं गल्लोगल्ली आहेत, तिथे ही तपासणी वगळून पहिली सुई टोचणं हा निव्वळ निष्काळजीपणा आहे.

ती तपासणी अशी. छातीचा एक्स-रे. त्यासोबत मँटू चाचणी किंवा रक्ताची इग्रा चाचणी. मँटूमध्ये हातावर टोचून ४८ ते ७२ तासांनी कडक झालेला उंचवटा मोजतात, लाली मोजायची नसते. या रुग्णांत ५ मिलिमीटरही पुरतो. आपल्याकडे जन्मतः बीसीजी दिलेली असते, तिच्यामुळे मँटू खोटी ‘हो’ म्हणू शकते. इग्रावर बीसीजीचा परिणाम होत नाही. उलट रुग्ण आधीच स्टेरॉइडवर असेल तर दोन्ही चाचण्या खोटी ‘नाही’ म्हणू शकतात. म्हणून घरात कुणाला क्षय झाला होता का, हा प्रश्न चाचणीइतकाच मोलाचा. जंतू निपचित अवस्थेत सापडला तर प्रतिबंधक औषध सुरू करून साधारण महिनाभराने इंजेक्शन देता येतं. त्याच खेपेला हिपॅटायटिस बी आणि सी तपासतात, कारण यकृतात दडलेला बी विषाणूही या औषधाने जागा होतो. हृदय बऱ्यापैकी कमजोर असेल किंवा मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार असेल तर हा गटच टाळतात. जिवंत जंतूंच्या लशी उपचार चालू असताना घ्यायच्या नाहीत. फ्लू आणि न्यूमोनियाच्या निर्जीव लशी जमल्यास आधीच उरकून घ्याव्यात.

इन्फ्लिक्सिमॅब किलोमागे ३ मिलिग्रॅम, पहिली मात्रा दिल्यावर दुसऱ्या आणि सहाव्या आठवड्यात, मग दर आठ आठवड्यांनी. ६० किलोच्या माणसाला १८० मिलिग्रॅम, म्हणजे १०० मिलिग्रॅमच्या दोन कुप्या. कुपीत सुकी पावडर असते; त्यात १० मिलिलिटर निर्जंतुक पाणी काचेच्या कडेने सोडून कुपी हलकेच गोल फिरवायची. हलवून फेस काढला तर प्रथिन बिघडतं. मग २५० मिलिलिटर सलाइनमध्ये, निदान दोन तास घेऊन. घाई केली की थंडी, खाज, छातीत आवळणं. तेव्हा थेंब थांबवतात किंवा मंद करतात. घरी घ्यायचं अडॅलिम्युमॅब ४० मिलिग्रॅम दर दोन आठवड्यांनी, एटानरसेप्ट ५० मिलिग्रॅम दर आठवड्याला. ही फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवायची, पण बर्फाच्या कप्प्याला चिकटून नाही: गोठलेलं इंजेक्शन वितळवून वापरता येत नाही. टोचण्याआधी अर्धा तास बाहेर काढून ठेवलं तर चुरचुर कमी होते. जागा मांडीची किंवा पोटाची, बेंबीपासून पाच सेंटिमीटर सोडून, दर वेळी बदलून. ताप आला, खोकला रेंगाळला, वजन उतरायला लागलं तर पुढची मात्रा थांबवून आधी डॉक्टरांना दाखवायचं.

मेथोट्रेक्सेटबद्दल एक गोष्ट ठळक अक्षरांत लिहावी अशी. ही गोळी आठवड्यातून एकदा घ्यायची असते. रोज एक म्हणून घेतली तर रक्त बनवणारी मज्जा बंद पडू शकते. तोंडात फोड, ताप, अंगावर निळे डाग ही त्याची लक्षणं, आणि यात माणसं दगावतात. बीपी-शुगरच्या रोजच्या डब्यात ती टाकली की ही चूक ठरलेली. चिठ्ठीवर ‘आठवड्यातून एकदा’ एवढ्यावर न थांबता वार लिहून घ्यावा, ‘फक्त रविवार’, आणि फॉलिक अ‍ॅसिडसाठी दुसरा वार. दोन्ही गोळ्या पिवळ्या आणि बारीक असू शकतात, त्यामुळे पाकीट वेगळं ठेवावं. गरोदरपणात ती चालत नाही. मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोलून बंद करायची.

आणि इतकं करूनही ढोबळमानाने तिघांतल्या एकाला टीएनएफ अडवून पुरेसा गुण येत नाही. सरासरी रुग्णात तळाचं मडकं टीएनएफचं असलं, तरी प्रत्येकाची उतरंड तशीच रचलेली असते असं नाही. कुणाच्या अस्तरात बी पेशींची (अँटिबॉडी बनवणाऱ्या वंशातल्या पांढऱ्या पेशींची) दाटी, कुणाच्या जवळपास नाहीच. म्हणून लंडनमध्येच आता अस्तराच्या तुकड्याकडे पुन्हा वळणं झालंय. सोनोग्राफीच्या आधाराने सुई घालून जिवंत रुग्णाच्या सांध्यातून तांदळाच्या दाण्याएवढा नमुना काढतात आणि औषध त्यावरून निवडता येतं का ते पाहतात. टीएनएफविरोधी औषध लागू न पडलेल्या १६४ रुग्णांचा असा एक अभ्यास २०२१ साली छापला गेला. ज्यांच्या अस्तरात बी पेशी कमी, त्यांना बी पेशी मारणारं रिटुक्सिमॅब द्यावं की इंटरल्युकिन-६ अडवणारं टोसिलिझुमॅब? सूक्ष्मदर्शकाखाली पाहून गट पाडले तेव्हा दोन औषधांतला फरक नक्की म्हणावा इतका आला नाही. त्याच तुकड्यांतला आरएनए, म्हणजे कोणती जनुकं कामाला लागली आहेत हे सांगणारा रेणू, वाचून गट पाडले तेव्हा टोसिलिझुमॅबला ६३ टक्के आणि रिटुक्सिमॅबला ३६ टक्के रुग्णांनी दाद दिली.